हाताने की टाईप करून : दहावीच्या विज्ञान नोट्सचा प्रकल्प

8 जुलै 2024, सोमवार

दरवर्षी प्रत्येक शिक्षकाने एक कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या एखाद्या अडचणीचा छोटा अभ्यास, करायचं असतं. बहुतेकांचं ते मार्चअखेरीस एका रात्रीत 'होतं', हे साऱ्या स्टाफरूमला ठाऊक आहे. यंदा माझ्याकडे विषय स्वतःहून चालत आला. शनिवारच्या पालकसभेत दहावी ब मधल्या एका मुलीची आई उठून म्हणाली, "मॅडम, पोरगी रात्री अकरापर्यंत मोबाईल खाली ठेवत नाही. विचारलं की म्हणती नोट्स काढतीय. आता तुमीच सांगा, मोबाईलवर कुठं नोट्स काढत्यात व्हय?"

संगणकाच्या सरांनी तिथल्या तिथे मुलीची बाजू घेतली. जग कुठे चाललंय आणि आपण अजून दुरेघी वह्यांत अडकलोय, वगैरे. मराठीचे सर म्हणाले, लिहिल्याशिवाय डोक्यात काही बसत नाही, आमच्या वेळी... पुढचं सगळ्यांना पाठ आहे. दोघेही ठाम होते. पण दोघांपैकी कोणीही मुलांच्या नोट्स उघडून बघितलेल्या नव्हत्या.

तेव्हा प्रश्न असा ठरवला : नोट्स हाताने काढल्या की टाईप करून, यावरून दहावीच्या पेपरात फरक पडतो का? पडत असेल तर नेमका कुठे? विषय विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2. भाग 1 मुद्दाम टाळला. भिंगांच्या किरणाकृती आणि समीकरणं टाईप करायला लावणं म्हणजे मुलांचा छळ. तिथे वही जिंकणार हे आधीच माहीत आहे.

12 जुलै, शुक्रवार

काल मुलांना सांगितलं होतं, "तुम्ही ज्याला नोट्स म्हणता ते उद्या घेऊन या. असतील तशा." मोबाईल शाळेत चालत नाही, म्हणून त्यातल्या नोट्सची झेरॉक्स किंवा प्रिंट आणायला सांगितली होती. टेबलावर जे जमलं ते असं : क्लासच्या सरांनी दिलेल्या झेरॉक्स. गाईडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या वह्या. ग्रुपवर फिरत आलेली, कुठल्या तरी भलत्याच जिल्ह्यातल्या शिक्षकाची पीडीएफ, जिच्या प्रत्येक पानावर त्यांच्या यूट्यूब चॅनेलचं नाव आडवं छापलेलं. फळ्याचे फोटो. आणि दोघातिघांच्या खरोखर स्वतः टाईप केलेल्या फाईली.

हे सगळं नोट्स या एकाच नावाखाली चालतं. सभेत तक्रार केलेल्या आईच्या मुलीची, तिला इथे श्रेया म्हणते, फाईल मात्र तिनेच टाईप केलेली निघाली. पहिल्या धड्याची आठ पानं. वाचताना काहीतरी ओळखीचं वाटत राहिलं, म्हणून पाठ्यपुस्तक शेजारी उघडून ठेवलं. वाक्यामागून वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. मग हस्तलिखित वह्यांतली सगळ्यात देखणी वही घेतली. समास आखलेला, मथळ्यांना स्केचपेनची सावली, खाली दोन रेघा. तीही तीच वाक्यं. फक्त गाईडमधून आलेली.

19 जुलै, शुक्रवार

आखणी. हजेरीपटावरच्या सम क्रमांकांचा एक गट, विषम क्रमांकांचा दुसरा. दुसऱ्या धड्याला, म्हणजे सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 1 ला, सम गट हाताने नोट्स काढेल आणि विषम गट संगणक कक्षात टाईप करेल. नंतरच्या धड्याला उलट. हुशार मुलं एका बाजूला गोळा झाली म्हणून निकाल तसा लागला, असं उद्या कोणी म्हणायला नको. वेळ दोघांना सारखा. नोट्स काढून झाल्यावर आठवडाभराने न सांगता दहा गुणांची चाचणी, आणि ती सगळ्यांनी हातानेच लिहायची, कारण बोर्डात तसंच आहे.

कळफलकाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. कक्षातल्या यंत्रांवर इनस्क्रिप्ट आहे : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिकलं तर मराठी सगळ्यात वेगात त्यावरच होतं. पण मुलांपैकी एकालाही तो येत नाही. सगळी मोबाईलवर शिकलेली, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी. संगणकाच्या सरांनी सगळीकडे फोनेटिक बसवून दिलं. कुरकुरत, पण दिलं.

26 जुलै, शुक्रवार

पावसामुळे कालपासून शाळा बंद. घरी बसून जे संशोधन वाचायचं ठरवलं होतं ते वाचलं.

'हाताने लिहिलेलं लक्षात राहतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असं जे लोक सांगतात त्याचं मूळ बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या 2014 च्या निबंधात असतं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ दाखवले, काहींना वही दिली, काहींना लॅपटॉप. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त टिपले, पण वक्त्याचेच शब्द जसेच्या तसे. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखे, संकल्पनेच्या प्रश्नांत वहीवाले पुढे. मला सगळ्यात बोलकी वाटली ती पुढची गोष्ट : 'शब्दशः उतरवू नका' अशी आधी ताकीद देऊनही लॅपटॉपवाले उतरवतच राहिले. बोटं वेगाने चालतात, त्यामुळे निवड करायची गरजच पडत नाही. हाताला तो वेग झेपत नाही, म्हणून डोक्याला निवडावं लागतं.

पण कथा तिथे संपत नाही. 2019 मध्ये मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक ठामपणे दिसला नाही. 2021 मध्ये हेदर अरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा केला. टाईप करणाऱ्यांनी शब्द जास्त आणि जसेच्या तसे टिपले, हे तेव्हाही तसंच आढळलं. परीक्षेतल्या गुणांचा फरक मात्र टिकला नाही. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत हा दुसरा भाग कधीच येत नाही.

आणखी एक. ते सगळे विद्यार्थी व्याख्यान ऐकत लिहीत होते. वक्ता थांबत नाही, म्हणून निवडावं लागतं. आमची मुलं उघड्या पुस्तकातून नोट्स काढतात. पुस्तक कुठे पळून जात नाही. मग हाताच्या संथपणाचा तो फायदा इथे मिळेलच असं नाही. वह्या पाहिल्यावर हा संशय आलाच होता.

2 ऑगस्ट, शुक्रवार

पहिली बैठक. श्वसन आणि पेशीविभाजन.

मी बराच वेळ श्रेयाच्या मागे उभी होते. ती विषम गटात, टाईप करणारी. 'केंद्रकावरण' हा शब्द कसा उमटतो ते जवळून पाहिलं. पुस्तकातला मराठी शब्द वाचला. मनात त्याचं इंग्रजी स्पेलिंग जुळवलं. कळा दाबल्या. खाली चार पर्यायांची यादी आली, पहिला चुकीचा होता, तिसरा निवडला. परत पुस्तकात बोट ठेवून ओळ शोधली. या सगळ्या खटाटोपात पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, केंद्रकाभोवतीचं हे आवरण नाहीसं होऊ लागतं, या गोष्टीशी तिचा संबंध किती आला? कष्ट झाले, खूप झाले, पण सगळे लिपीच्या उलाढालीत गेले. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला टाईप करताना ही कसरत करावी लागत नाही. परदेशातल्या कुठल्याच प्रयोगात ती मोजलेली असण्याचं कारणही नाही.

वर्गात सम गट. इथे वेगळंच चित्र. अर्ध्याहून जास्त मुलं मान खाली घालून परिच्छेद उतरवत होती. ओंकारने (हेही बदललेलं नाव) पहिली पंधरा मिनिटं 'सूत्री विभाजन' या मथळ्याच्या सजावटीत घालवली. मात्र पेशीविभाजनाच्या आकृत्यांपाशी सगळ्यांचा वेग बदलला. पश्चावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या नंतरच्या एका टप्प्यात, वेगळी झालेली गुणसूत्रं केळीच्या घडासारखी दिसतात असं पुस्तकात म्हटलंय. एका मुलाने ते काढलं, खोडलं, पुन्हा काढलं, आणि मला विचारलं, "मॅडम, घड दोन्हीकडं तोंड करून असणार ना? म्हणजे एक वरती एक खालती?" हा प्रश्न नुसतं उतरवणाऱ्याला पडत नाही. संगणक कक्षात आकृतीच्या जागी बहुतेकांनी 'आकृती पुस्तकात पान पाहा' असं टाईप केलं होतं.

12 ऑगस्ट, सोमवार

चाचणी झाली, रात्री तपासली.

रिकाम्या जागा, जोड्या, चुकीचा शब्द ओळखा : दोन्ही गट सारखेच. एखाददुसरा गुण इकडे तिकडे.

आकृती : हाताने काढणारे स्पष्टपणे पुढे. अपेक्षितच होतं. ज्याने आकृती कधी काढलीच नाही तो परीक्षेत काय काढणार?

'कबड्डीचा सामना संपल्यावर पाय भरून का येतात, शास्त्रीय कारण लिहा' हा प्रश्न मी पुस्तकाबाहेरचा, मुद्दाम घातला होता. स्नायू विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवायचं श्वसन) करू लागतात, ऊर्जा कमी मिळते आणि लॅक्टिक आम्ल साठतं, हे धड्यात आहे. फक्त कबड्डी हा शब्द नाही. इथे दोन्ही गटांची दाणादाण उडाली. अनेकांनी विनॉक्सिश्वसनाची व्याख्या लिहिली आणि ती मधेच तुटली. तुटण्याची जागाही पाहण्यासारखी : पुस्तकात जिथे पान उलटतं, तिथेच.

थोडक्यात, गटागटांत जेवढा फरक आहे त्यापेक्षा एकेका गटाच्या आत कितीतरी जास्त आहे. ज्या मोजक्या मुलांना कबड्डीचा प्रश्न जमला त्यांच्या नोट्स काढून बघितल्या. काही हस्तलिखित, काही टाईप केलेल्या. पण प्रत्येकीत एकतरी वाक्य मुलाचं स्वतःचं होतं. एका फाईलमध्ये 'ऑक्सिजन नसला तर जुगाड, पण एनर्जी कमी' असं टाईप केलेलं. मराठीचे सर बघतील तर भोवळ येईल, पण मला ते वाक्य फार आवडलं.

23 ऑगस्ट, शुक्रवार

आता गट उलटे. धडा सहावा, प्राण्यांचे वर्गीकरण, वेळापत्रकाच्या जरा आधी ओढून घेतला. कारण तो स्वभावाने वेगळा आहे : एकामागून एक संघ (प्राण्यांचे मोठे गट) आणि प्रत्येकाची तीच तीच लक्षणं तपासायची. सममिती (शरीराचे सारखे भाग कसे पडतात : द्विपार्श्व म्हणजे डावा-उजवा, अरीय म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे), देहगुहा (शरीरभिंत आणि आतली इंद्रियं यांमधली पोकळी), खंडीभवन, अधिवास, उदाहरण.

इथे टाईप करणाऱ्यांनी बाजी मारली, आणि ते का घडलं ते डोळ्यांसमोर दिसलं. दोन्ही गटांनी तक्ते केले. दोन्हीकडे बऱ्याच जणांनी देहगुहेचा स्तंभ आधी धरलाच नव्हता. मधेच लक्षात आल्यावर वहीवाल्यांनी काय केलं? समासात बारीक अक्षरात कोंबलं किंवा सोडून दिलं. आखलेला तक्ता कोण पुन्हा आखणार? संगणकावर मात्र एक स्तंभ वाढवला की झालं. पण तो रिकामा स्तंभ मग पडद्यावर खुपत राहतो. तो भरायला प्रत्येक संघाकडे परत जावं लागतं : चपट्या कृमींना देहगुहा नाही, गोलकृमींना आभासी, वलयांकितांना खरी. म्हणजे धडा दुसऱ्यांदा वाचला गेला, आणि या वेळी प्रश्न हातात घेऊन. ओंकार आज टाईप करत होता. त्याने ओळी वरखाली करून सममितीप्रमाणे लावल्या आणि ओरडला, "मॅडम, कंटकचर्मी इथं बसतच नाही! मोठेपणी अरीय, अळी असताना द्विपार्श्व!" संगणकाचे सर दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

20 सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत सगळंच लांबलं. चाचणी आज घेतली. वर्गीकरणात टाईप केलेला गट थोडा पुढे. म्हणजे दोन धडे, दोन वेगळे निकाल. मराठीच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "ते संगणकामुळं नाही, तक्त्यामुळं." बरोबर आहे. पण मग पेशीविभाजनातला विजयही पेनामुळे नव्हे, आकृतीमुळे म्हणावा लागेल. यावर ते चहा पिऊ लागले.

मध्यंतरी नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातला मेंदूचा अभ्यास कोणीतरी स्टाफच्या ग्रुपवर टाकला होता. ऑड्री व्हॅन डर मीर आणि रूड व्हॅन डर वील यांचा, या वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युतअग्रांची जाळी बसवून हाताने लिहिताना आणि टाईप करताना मेंदूतल्या लहरी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संवाद कितीतरी जास्त दिसला. मात्र टाईप करताना त्यांना फक्त उजव्या हाताची तर्जनी वापरायची होती. आणि कोणाला किती लक्षात राहिलं हे त्यात तपासलेलं नव्हतं. 'टाईप केल्याने मेंदू झोपतो' हा ग्रुपवरचा मथळा त्यातून निघत नाही. अक्षराचं वळण नुकतं गिरवणाऱ्या पहिलीच्या मुलाबद्दल काळजी वाटत असेल तर तो अभ्यास महत्त्वाचा धरावा. दहावीचा मुलगा क ओळखायला शिकत नाहीये.

ओंकारबद्दल नोंद. त्याचं हस्ताक्षर त्याला स्वतःलाच वाचता येत नाही. सजावटीवर एवढा वेळ का घालवतो, ते आता कळलं : तेवढाच भाग त्याला नंतर वाचता येतो. वर्गीकरणाच्या टाईप केलेल्या नोट्स त्याने घरी दोनदा वाचल्या. आईने फोन करून सांगितलं, कौतुकाने. वहीतल्या नोट्स त्याने कधी उघडल्याच नसणार. नोट्सची दोन कामं असतात, काढताना डोक्यात जाणं आणि नंतर वाचायला मिळणं. दुसऱ्या कामापुरता या मुलाला टाईप केलेला मजकूर निर्विवाद सरस आहे. त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हावी असं वर्गशिक्षिकेशी बोलले आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या सवलती लागू होतील. जादा वेळ तरी मिळेल.

4 ऑक्टोबर, शुक्रवार

प्रकल्पाचा रोख बदलते आहे. पेन की कळफलक हा प्रश्न सोडत नाही, पण त्याच्या खाली दुसरा आहे : नोट्स काढताना पुस्तक उघडं की बंद?

रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. उतारा समुद्री ऊदमांजर, सूर्य असल्या विषयांवरचा. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना 61. वर्गात थोडी शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून, "मॅडम, पण परीक्षा पाच मिनिटांनीच असली तर?" हशा. उत्तर दिलं की बोर्डाला विचारून बघ.

आजपासूनची पद्धत : धड्याचा एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं शिसपेन्सिलीने भरायचं. लाल शाई नको. ती आमची, आणि आपल्याच पानावर लाल दिसलं की मुलं हिरमुसतात. शिसपेन्सिलीचा भाग म्हणजेच पुन्हा वाचायच्या नोट्स. बाकीचं येतं, ते कशाला वाचायचं? मुलांनी याला लगेच 'कोरा कागद' नाव दिलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना राग आला. श्रेयाची दोनच ओळी लिहून झाल्यावर गाडी अडली. आठ पानं टाईप करणारी ही मुलगी. "मला सगळं येत होतं, वाचताना येत होतं," असं म्हणत राहिली. खरंच वाचताना येतच असतं.

18 ऑक्टोबर, शुक्रवार

सत्र परीक्षा. नोंदीला वेळ नाही. पेपरांचे गठ्ठे.

18 नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली, शाळा सुरू झाली, आणि परवा मतदान. अर्धा स्टाफ निवडणुकीच्या कामाला. मीही उद्या पेट्या घेऊन निघणार. मुलांना दोन कोरे कागद घरी दिलेत.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

कोरा कागद संगणकावर. पुस्तक मिटून टाईप करायचं.

मला धास्ती होती की लिपीची ती कसरत इथेही नडेल. नडली, पण कमी. कारण आता मुलं पुस्तकातला कठीण शब्द हुबेहूब उमटवायच्या मागे नव्हती, आपल्या शब्दांत लिहीत होती, आणि आपले शब्द पटकन टाईप होतात. ओंकारने पान भरलं. राहिलेलं पेन्सिलीऐवजी रंग बदलून भरलं. मुद्दे वरखाली हलवले. हाताने कोरा कागद करणाऱ्यांच्या आणि याच्या चाचणीत मला फरक काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र टाईप करणाऱ्या सगळ्यांच्या बाबतीत खरी ठरतेय. 'ऊर्जा', 'सूत्री', 'पेशी', 'विषुववृत्तीय' हे शब्द यंत्र शुद्ध पुरवतं, मूल फक्त यादीतून उचलतं. तेच मूल हाताने लिहिताना उर्जा, सुत्री लिहितं. विज्ञानात यासाठी गुण जात नाहीत, मराठीच्या पेपरात जातात. सरांना सांगितल्यावर ते पहिल्यांदाच माझ्या प्रकल्पावर खूश झाले.

13 डिसेंबर, शुक्रवार

एका मुलाने 'सामाजिक आरोग्य' धड्याच्या अप्रतिम नोट्स दाखवल्या. मुद्देसूद, ठळक मथळे, शेवटी पाच संभाव्य प्रश्न. विचारलं, कुणी काढल्या? "चॅटजीपीटीनं." लपवाछपवी नाही, उलट अभिमान. त्याच धड्यात तंत्रज्ञानाच्या अतिरेकाबद्दल मजकूर आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी त्याला शेवटचे पाच प्रश्न ठेवायला सांगितले आणि वरचं सगळं झाकून त्यांची उत्तरं लिहायला बसवलं. तीन आले, दोन नाही. हा उपयोग चांगला आहे. नाहीतर ती नोट्सची फाईल म्हणजे दुसऱ्याने जेवून दिलेला ढेकर.

24 जानेवारी 2025, शुक्रवार

सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले. या नोंदींतली सगळ्यात कामाची गोष्ट इथे सापडली, आणि तिचा स्मरणशक्तीशी संबंध नाही.

भाग 2 चा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. तिसऱ्या प्रश्नात तीन-तीन गुणांची पाच उत्तरं, एकट्या त्याचे 15 गुण. शेवटी पाच गुणांचा एक. जी मुलं ऑक्टोबरपासून सगळं टाईपच करत होती, त्यांची पहिली दीड पानं उत्तम आहेत. मग अक्षर पसरायला लागतं. तिसऱ्या प्रश्नाच्या चौथ्या उत्तरापाशी वाक्यं आखूड होतात. श्रेयाचं पाच गुणांचं उत्तर मुद्द्यांच्या चार शब्दांवर थांबलंय. तोंडी विचारलं तर तिने ते उत्तर घडाघडा सांगितलं. हात दाखवत म्हणाली, "मॅडम, इथं कळ येती." अंगठ्याच्या मुळाशी.

पेनवाल्यांचे पेपर पूर्ण आहेत. चुकीची उत्तरंसुद्धा पूर्ण आहेत!

तेव्हा सोमवारपासून वर्गाचा नियम : शिकण्यासाठी नोट्स कशाही काढा, पण रोज एक उत्तर घड्याळ लावून, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारख्या पानावर, निळ्या किंवा काळ्या पेनने. तीन गुणांना सात-आठ मिनिटं, आकृतीसकट. पालकांना शुद्धलेखनासाठी हात हवा असतो, संगणकाच्या सरांना भविष्यासाठी कळफलक हवा असतो. मला फेब्रुवारी-मार्चपुरता हात हवा आहे, कारण पेपर हाताने लिहायचा आहे. उद्या बोर्डाने संगणकावर परीक्षा घेतली तर मी हेच वाक्य उलटं लिहीन.

14 फेब्रुवारी, शुक्रवार

हॉल तिकिटं वाटली. 21 ला मराठीने सुरुवात. ओंकारचं प्रमाणपत्र आलं, वेळेत. त्याचा अर्ज पुढे गेला आहे.

अहवाल मुख्याध्यापकांकडे द्यायचाय. निष्कर्षाच्या रकान्यात त्यांना एका ओळीत 'हस्तलिखित श्रेष्ठ' किंवा 'डिजिटल श्रेष्ठ' असं हवंय, जिल्ह्याच्या नमुन्यात तेवढीच जागा आहे. मी तिथे लिहिलंय : आकृती, समीकरणं आणि परीक्षेचा वेग यांना हात. तक्ते, वर्गीकरण आणि हस्ताक्षराची अडचण असलेल्या मुलांना कळफलक. दोन्हीत पुस्तक मिटून. ओळ रकान्याबाहेर गेली आहे, जाऊ दे.

श्रेयाची आई बाजारात भेटली. "मोबाईल बंद केला का मग मॅडम?" म्हणाली. मी सांगितलं, बंद करू नका. पोरगी टाईप करत असेल तर शेजारी पुस्तक उघडं आहे का तेवढं बघा. उघडं असलं तर मिटायला लावा.

पुढच्या वर्षीच्या कामांत : नववीला जूनपासून इनस्क्रिप्टचे धडे, आठवड्याला अर्धा तास. संगणकाचे सर तयार आहेत. फोनेटिकमधल्या इंग्रजी स्पेलिंगची कसरत गेली तर दुसऱ्या धड्याचा निकाल तसाच लागतो का, ते बघायचंय. सम-विषम गट तसेच ठेवायचे. आणि देहगुहेचा स्तंभ कोणालाही आधी सांगायचा नाही.